निम्मी पोळी

शेंगदाणे भाजताना घाई करून चालत नाही. जाळ मंद ठेवायचा, हात हलता ठेवायचा आणि पहिला दाणा तडकला की बोलणं थांबवून कढईकडंच बघायचं. सालावर तांबूस डाग पडले की उतरवायचे. त्यानंतर एक पळ जरी ठेवले तरी कडू होतात. हे मला अक्कानं शिकवलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी दारातल्या पायरीवर उन्हाला बसले होते. आत ज्योतीनं, माझ्या सुनेनं, कढई ठेवली होती. दाण्यांचा वास बाहेर आला. दोन वर्षं आमच्या घरात तो वास आला नव्हता. ज्योतीनं आतून हाक मारली, "आत्या, बघा की जरा, झालं का?" मला उठता आलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, "उतर आता." बघायची गरज नव्हती. वासावरून कळतं.

अक्काला जाऊन आज दोन वर्षं झाली. संक्रांतीनंतर आठव्या दिवशी ती गेली. त्यामुळं गेल्या संक्रांतीला वर्ष पुरं व्हायला आठ दिवस कमी पडत होते, म्हणून सण धरला नाही. शेजारणींनी पोळ्या आणून दिल्या. चांगल्या होत्या. मी तुकडा मोडला आणि बघितलं, तर सारण मध्येच, कडेला नुसती कणीक. अक्का असती तर म्हणाली असती, "ही पोळी हाय का चपातीच्या पोटात ढेकूळ?"

हा महिना आला की सोलापूरची हवा बदलते. आमच्याकडं थंडी कसली, सकाळी शाल आणि दुपारी पुन्हा चटका. पण गाड्यावर बोरं येतात, हरभऱ्याचे डहाळे येतात, उसाच्या कांड्या येतात. गल्लीत मागाची खटखट बाराही महिने चालते, ती या दिवसांत जास्त लांबून ऐकू येते. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापताना बोटांना चिकटतात, ते धुवायच्या आधी चाटून घ्यायचे. नवीन गुळाची ढेप फोडली की पहिला खडा लेकरांच्या हातात. आणि दाण्याच्या कुटाची, गुळाची शेंगापोळी. बाकीचा सण मला त्या पोळीसाठीच असल्यासारखा वाटायचा.

मी चौथीपर्यंत शिकले. वडील होटगीला रेल्वेत रुळांच्या कामावर होते. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की मला उत्तर येत असायचं, पण तोंडातून यायचं नाही. मान खाली घालून उभी राहायची. गुरुजी म्हणायचे, "बस." मी बसले की माझं उत्तर दुसरीच पोरगी सांगायची. पुढं आयुष्यभर तेच झालं. भाजीवाल्यानं खराब वांगी घातली तरी पिशवी घेऊन यायची. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा सासरची माणसं आठ दिवस मला मुकी समजत होती.

त्या वर्षी पहिलीच संक्रांत. आमच्या माहेरी गोड म्हणजे दशमी, नाहीतर शिळ्या चपातीत गूळ-तूप घालून वळलेला लाडू. शेंगापोळी मी कधी केली नव्हती. अक्का लाटत होती, मी तव्यापाशी. मला वाटलं, चपातीसारखीच भाजायची. जाळ मोठा केला. पोळी फुटली, गूळ तव्यावर आला, जळला, धूर झाला. घाबरून त्याच तव्यावर दुसरी टाकली. तिला खालून काळे डाग. तव्यातला गूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा लागतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. अशा सहा पोळ्या झाल्या. अक्काचं लक्ष लाटण्यात होतं. सासूबाई धुराच्या वासानं आत आल्या.

"काय गं होटगीवाले, तिकडं गाडीच्या इंजनात भाजत हुता काय पोळ्या?"

माझ्या डोळ्यांत पाणी. तोंड बंद.

अक्का लाटणं न थांबवता म्हणाली, "मी भाजल्या त्या, आत्याबाई. तिला नुसतं बसवलं हुतं. माझं ध्यान न्हवतं."

"तुझं ध्यान न्हवतं? पंधरा वरसं झाली पोळ्या करतीस."

"मग पंधरा वरसांत एकदा करपू नयेत व्हय?"

सासूबाई आल्या तशा बाहेर गेल्या. अक्कानं जाळ कमी केला, फडकं भिजवून तवा पुसला आणि लाटणं माझ्याकडं रोखून म्हणाली, "तोंड हाय न्हवं तुला? विचारायचं. जाऊ दे. तुझ्या वाटणीचं मी बोलत जाईन." ती अक्कलकोटकडची. रागावली की मधेच कानडी शब्द यायचे, आणि हसली की सगळंच कानडी व्हायचं. आणि ती खरंच माझ्या वाटणीचं बोलत गेली. सासूपाशी, दिरापाशी, रेशनच्या दुकानात, माझ्या लेकाच्या शाळेत. लोक म्हणायचे, ह्या दोघी जावा मिळून एक तोंड.

त्या दिवशी शेवटाला कणकेचा एक गोळा आणि परातीच्या कडेचं खरवडून काढलेलं थोडं सारण उरलं. त्याची एक लहान पोळी झाली. कुणाच्या मोजणीत नसलेली. तेव्हा जाळ मंद होता, माझा हात जरा बसला होता, ती सुरेख खरपूस निघाली. अक्कानं ती मधोमध मोडली. "निम्मी लाटणारीची, निम्मी भाजणारीची. दुसऱ्या कुणाचा हक्क न्हाय हिच्यावर. देवाचापण न्हाय."

तेव्हापासून तो आमचा नेम झाला. पुढं घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण संक्रांतीच्या पोळ्या एकत्रच. अक्काचा मुलगा मल्लिनाथ लहान असताना त्या शेवटच्या पोळीसाठी दाराशी येऊन बसायचा. "आई, मला एक घास." अक्का म्हणायची, "लाटलीस का? भाजलीस का? मग ऊठ." तो माझ्याकडं बघायचा, "काकू, तुमी तरी." मी माझ्यातलं देणार, तोच अक्का डोळे वटारायची. पुढं तो मोठा झाला तरी नुसती चेष्टा म्हणून विचारायचा, "शेवटची झाली का?"

शेंगापोळीचं एक बरं असतं. ती टिकते. पंधरा दिवस ठेवा, कडक होते, चव वाढते. पुरणपोळीसारखं दुसऱ्या दिवशी आंबण्याचं भय नाही. परगावी जाणाऱ्याच्या पिशवीत घालावी आणि विसरून जावं. अक्का कडक भाकरी, दशमी आणि शेंगापोळी या तिघींना घरातल्या शहाण्या लेकी म्हणायची. "वाट बघायला लावली तरी नाराज होत न्हाईत."

दोन वर्षांमागं अक्का आजारी पडली ती उठलीच नाही. साखरेचं दुखणं जुनं होतं, त्यातनं बाकीचं बिघडलं. ती मल्लिनाथाकडं, तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरात. सून सविता तिचं फार नीट करत होती. फ्रिजच्या दारावर एक कागद लावला होता, काय द्यायचं आणि काय नाही. गूळ, साखर, शेंगदाणे, सगळं नाहीमध्ये. अक्काला ज्वारीची पातळ कण्हेरी आणि बिनमिठाची भाजी. मी भेटायला गेले की ती कागदाकडं हात करायची. "लोक दारावर देव लावतात. सवितानं माझा उपास लावलाय."

त्या संक्रांतीला पोळ्या मी एकटीनं केल्या. लाटायच्या आणि भाजायच्या. एकच फुटली. शेवटी उरलेल्याची लहान पोळी केली. ती मोडली नाही. स्वच्छ फडक्यात वेगळी गुंडाळली आणि पिशवीत तळाला ठेवली. वर डब्यात मल्लिनाथाच्या घरच्यांसाठी पोळ्या. रिक्षात बसले तेव्हा माझं नक्की ठरलेलं होतं. निम्मी तिची.

तिथं गेल्यावर सवितानं डबा घेतला, आत ठेवला. मल्लिनाथ आईच्या पायाशी बसला होता. थोड्या वेळानं तो सविताला म्हणाला, "गच्चीवरचे कपडे काढून आण, धूळ बसंल." ती गेली. मग त्यानं फोन कानाला लावला, "बसा काकू, आलोच," म्हणत गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघीच. अक्काचे हात पापडासारखे झाले होते.

"पोळ्या केल्यास?"

"व्हय."

"किती फुटल्या?"

"एक."

"एकच? मग आता मी मेले तरी चालंल." ती हसली, खोकली, मग हात पुढं केला. "दे."

पिशवी माझ्या मांडीवर होती. माझा हात पिशवीवर होता. समोर तो कागद होता. सविता रात्रंदिवस राबत होती, मल्लिनाथाचं तोंड सुकलं होतं. मी दिली आणि हिला काही झालं तर? त्यांनी विचारलं, काकू, काय दिलंत, तर मी काय बोलणार? माझ्या वाटणीचं बोलणारी तर ही खाटेवर.

"संपल्या, अक्का," मी म्हणाले.

"संपू देत की. आपली कुठाय?"

"औंदा सारण उरलंच न्हाय."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या हाताकडं, मग पिशवीकडं. इतकी वर्षं परातीच्या कडेला किती उरतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं एकदा सासूपाशी माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं, ते लगेच खपलं होतं. माझं खपलं नाही. पण ती नुसतं "बरं," म्हणाली.

मग तिनं माझा हात पिशवीवरून उचलला, आपल्या नाकाशी नेला. तळव्याचा वास घेतला. डोळे मिटून, हळूहळू.

"वास तर हाय," ती म्हणाली.

मल्लिनाथ आत येईपर्यंत तिनं माझा हात तसाच धरून ठेवला होता. मी गप्प. शाळेत उभी राहायची तशी. उत्तर येत होतं.

घरी येऊन ती पोळी मी वरच्या फळीवर डब्यात ठेवली. उद्या जाईन, परवा जाईन आणि देईन, असं म्हणत राहिले. आठव्या दिवशी सकाळी निरोप आला.

सगळं उरकल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी, डबा काढला. पोळी तशीच. बुरशी नाही, खवट वास नाही. गूळ जरा घट्ट झालेला, इतकंच. माणूस गेलं आणि पोळी चांगली राहिली. मला तेव्हा त्या पोळीचा फार राग आला. खाववेना. टाकवेना. शेवटी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाईपुढं धरली. तिनं एका घासात घेतली.

हे इथपर्यंतच असतं तरी मी सोसलं असतं. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

महिन्यानं मल्लिनाथ आमच्या घरी आला. आईचं लाटणं मला द्यायला. बाभळीचं आहे, मधे झिजून बारीक झालेलं. ते हातात दिलं, पाणी प्याला, आणि म्हणाला, "काकू, एक विचारू? त्या दिवशी मला फोनबिन काही आला न्हवता."

मला कळेना.

"डॉक्टर आदल्या आठवड्यातच म्हणाले हुते, आता पथ्याचं काय राहिलं न्हाय, जे मागतील ते खाऊ द्या. पण मी स्वतः गोड दिलं असतं तर आईला कळलं असतं की आता आशा न्हाय. ती लई हुशार. म्हणून कागद बी काढला न्हाय. म्हटलं, काकू पोळी आणणारच. आपण बाहेर जावं. सविताला बी मुद्दाम वर पाठवलं." तो थांबला. त्याचं तोंड दाराशी बसायचा तेव्हासारखं झालं होतं. "दिलीत न्हवं तुमी?"

"व्हय," मी म्हणाले.

"निम्मी?"

"निम्मी."

"खाल्ली?"

"सगळी खाल्ली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कडंपतूर सारण हाय."

जन्मभर जे तोंड उघडलं नाही, ते त्या दिवशी भराभर उघडलं. एकही शब्द अडला नाही. मल्लिनाथानं दोन्ही हातांनी डोळे पुसले, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "लई उपकार झाले, काकू." मी ते लाटणं मांडीवर धरून बसले. किती वेळ, ते आठवत नाही.

म्हणजे दार मुद्दाम ओढलेलं होतं. घर रिकामं करून दिलेलं होतं. पोळी होती, हात पुढं आलेला होता, डॉक्टरांची परवानगी होती, लेकाची इच्छा होती. नव्हती ती फक्त मी.

तेव्हापासून मला भाकरी थापताना, भाजी चिरताना, कुठंही, तो पुढं केलेला हात दिसतो. मनात मी पिशवी उघडते. फडकं सोडते. पोळी मोडते. तिचा कडकन आवाज येतो. अक्का पहिला घास घेते आणि मी वाट बघत राहते, ती काय म्हणते याची. पण ती काहीच म्हणत नाही. कारण तिनं काय म्हटलं असतं ते मी आधीच मल्लिनाथाला सांगून बसले आहे.

या वर्षी मी ठरवलं होतं. संक्रांतीला तो तिळगूळ घ्यायला येईल तेव्हा खरं सांगायचं. शिव्या देईल, उठून जाईल, बोलणं सोडेल. सोडू दे. पोळ्या करताना तेच घोकत होते. मी अक्काच्या लाटण्यानं लाटत होते, ज्योती भाजत होती. ती हसरी आहे, विचारायला लाजत नाही. "आत्या, फिरवू का गूळ-दाणे मिक्सरला एकदम?" "आत्या, पिठी जास्त झाली का?" मी सांगत होते. मधेच म्हणाले, "जाळ कमी ठेव, तवा पुसून घे." बोलल्यावर माझं मलाच नवल वाटलं. त्या जागेवर बसलं की शब्द येत असतील.

शेवटी परातीत थोडं उरलं. ज्योती म्हणाली, "आता ह्याचं काय करायचं, राहू द्या की." मी म्हणाले, "न्हाय, हिचीच खरी पोळी असती." लहान पोळी लाटली. कडेपर्यंत सारण गेलं. ज्योतीनं छान भाजली. नेमाप्रमाणं निम्मी ज्योतीची. पण तिनं भाजता भाजता आधीच तीन संपवल्या होत्या. "नको आत्या, पोट फुटंल. माझी तुमी घ्या, न्हाईतर द्या कुणाला." मी मोडून दोन्ही तुकडे ताटलीत झाकून ठेवले.

दुपारी मल्लिनाथ आला. पाया पडला. तिळगूळ झाला. बसला आणि जुन्या सवयीनं म्हणाला, "काकू, शेवटची झाली का?"

मी ताटली आणली. त्याच्यासमोर धरली. "मल्लू," मी म्हणाले, "त्या दिवशी..."

त्याला वाटलं, मी आठवण काढते आहे. तो ज्योतीकडं वळला. "तुला ठाव हाय का ज्योती, आमची आई काय खाऊन गेली? लोकांच्या आया जाताना तोंडात नुसतं पाणी. कुणाकुणाला तेबी मिळत न्हाय. आमच्या आईनं ह्यांच्या हातची शेंगापोळी खाल्ली. कडंपतूर सारण हाय म्हणाली. दोन वरसं झाली, मला कदी वाईट वाटाय लागलं न्हवं, की मी तेवढंच आठवतो. मग झोप लागती."

ज्योतीनं डोळ्याला पदर लावला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काय म्हणत हुता, काकू?"

मी म्हणाले, "ही अक्काची निम्मी. तू घे."

त्यानं हात पुढं केला. अक्काचाच हात. लांब बोटं, अंगठा जरा बाहेर. मी त्यावर पोळी ठेवली. त्यानं ती खाल्ली नाही. रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली. "घरी जाऊन खातो," म्हणाला.

मी दारात उभी राहिले. समोर रस्त्यावर त्याची गाडी लिंबाखाली लावलेली होती. तो गाडीपाशी गेला. किल्ली लावली नाही. आमच्या घराकडं पाठ करून उभा राहिला आणि रुमाल सोडला. खांदे हलत होते. खात होता की रडत होता, दारातून कळलं नाही. शेवटी रुमालावरचा चुरा तळहातावर घेतला, तोंडात टाकला आणि मग गेला.

आता हे मी त्याला कधीच सांगणार नाही. म्हणून नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. अक्का, तुला तरी कळावं. तुला तर तेव्हाच कळलं होतं.

माझी निम्मी अजून ताटलीत झाकलेली आहे. आज आठवा दिवस. मघाशी फडकं बाजूला करून हातात घेतली. तशीच आहे, कडक, खरपूस. तोंडापर्यंत नेली आणि परत ठेवली. हात अजून धुतलेले नाहीत.